नेरूरकरांचा जपानी गंज

"खोटी वस्तू? आणि माझ्या नजरेतून सुटेल? अहो, एकतीस वर्षांत सुटली नाही, आता काय सुटणार!"

विक्रोळीच्या सुबोध नेरूरकरांचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस त्यांच्या सोसायटीत नव्हता. दूधवाल्याने ऐकलं होतं, नारळवाल्याने ऐकलं होतं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाने तर लिफ्टमध्ये अडकलेला असताना ऐकलं होतं. बिचारा जाणार कुठे!

सुबोधराव एका मोठ्या कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते. लोक रिटायर होताना शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. सुबोधराव आले ते मापं घ्यायचा व्हर्निअर, तपासणीच्या चिठ्ठ्यांचं जाडजूड पॅड आणि 'रिजेक्ट' असा लाल शिक्का घेऊन! 'पास'चा शिक्का त्यांच्याकडे कधी होता का, याबद्दल कारखान्यात आजही दोन मतं आहेत.

रिटायर झाल्यावर माल संपला, पण तपासणी थांबेना. दिवाळीत बायकोने, म्हणजे रुक्मिणीवहिनींनी, चकल्या केल्या. सुबोधरावांनी व्हर्निअर लावला.

"वेटोळ्यांमधलं अंतर सारखं नाही. रिजेक्ट!"

"मग खाऊ नका."

"रिजेक्ट म्हणालो. खाणार नाही असं कुठे म्हणालो?"

भाचीला आलेली तीन स्थळंही त्यांनी अशीच परत पाठवली. तिसरा मुलगा खरंच चांगला होता हो, पण त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता म्हणे! भाची तेव्हापासून मामाकडे फक्त गणपतीला येते, आणि तेही मामा आंघोळीला गेला की.

अशा माणसाला छंद लागला तोही साधासुधा नाही. जपानी तलवारीचा! अख्खी तलवार नव्हे, घाबरू नका. तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये एक लोखंडी चकती असते, मधोमध भोक असलेली, बशीएवढी. हात पात्यावर घसरू नये म्हणून. तिला म्हणतात त्सुबा. तिच्यावर नक्षी कोरलेली असते, आणि जुनी अस्सल चकती मिळवण्यासाठी जगभरचे लोक जीव टाकतात. सुबोधरावांनी दोन महिने मोबाईलवर व्हिडिओ बघितले, शौकिनांच्या एका ग्रुपवर शिरले आणि तिसऱ्या महिन्यात ग्रुपवर इतरांना चुका दाखवायला लागले.

त्याच ग्रुपवरून त्यांनी अंधेरीच्या कुणा संग्राहकाकडून एक त्सुबा घेतला. त्यावर कापून काढलेला चतुर किडा होता, पंख पसरलेला. सोबत जपानी अक्षरांतलं प्रमाणपत्र! सुबोधरावांनी ते फ्रेम करून सासऱ्यांच्या फोटोशेजारी लावलं आणि सासऱ्यांना थोडं बाजूला सरकवलं.

"रंग बघ, रुक्मिणी, रंग! साडेतीनशे वर्षांचा गंज आहे हा! कोठीतल्या जुन्या आमसुलाचा असतो ना, अगदी तसा. हा रंग मुद्दाम आणता येत नाही. आणि माप? कुठूनही मोज, पाच मिलिमीटर म्हणजे पाच! काय हात असेल त्या कारागिराचा!"

"पुसायला घेऊ का उद्या?"

"हात लावायचा नाही! त्या गंजातच तर सगळं आहे."

वहिनींनी मान हलवली. त्यांच्या संसारात आजवर गंज चढला की वस्तू भंगारवाल्याला जायची, इथे ती शोकेसमध्ये मखमलीवर बसली होती.

आता झालं काय, मुलुंडला छंदमित्र मंडळ नावाची एक संस्था आहे. नाणी, तिकिटं, जुने अडकित्ते जमवणाऱ्यांची. दसऱ्याला त्यांचं जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन होतं. अध्यक्ष नाना यांनी सुबोधरावांना फोन केला.

"नेरूरकर, 'अस्सल कसं ओळखावं' यावर तुम्ही बोलायचं. इरावतीबाई येणार आहेत, जपानात जुन्या धातूंचं काम शिकून आल्यात. त्यांना पटलं तर मंडळाचे कायमचे परीक्षक तुम्हीच! छातीवर बिल्ला!"

परीक्षक! बिल्ला! सुबोधरावांनी फोन ठेवला आणि आरशासमोर जाऊन बिल्ल्याची जागा ठरवली. कारखाना सुटल्यापासून लोकांनी त्यांना काही विचारायचं बंद केलं होतं. सकाळी डबा नाही, दारात उभे राहून वाट बघणारे सुपरवायझर नाहीत, आणि हे त्यांना फार लागलं होतं. तो बिल्ला त्यांना हवा म्हणजे हवाच होता.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी बेनेडिक्ट आला. हा मनोरीचा. त्याच कारखान्यात डाय, म्हणजे साचे, बनवायचा. तीस वर्षं याने बनवायचं आणि सुबोधरावांनी परत पाठवायचं, यातून दोघांची दोस्ती झाली. बेनेडिक्टने पिशवीतून पेपरात गुंडाळलेली एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. काळपट, तेलकट, मधे भोक असलेली चकती. नक्षी काय आहे तेही नीट दिसेना.

"तू त्या जपानी चकत्यांचं सांगत असतोस ना, म्हणून आणली," बेनेडिक्ट म्हणाला. "आजोबांची आहे. जहाजावर होते. जपानात एका म्हाताऱ्याला पाण्यातून ओढून काढला, त्याने दिली म्हणायचे. गावात कुणी मानलं नाही रे. थापाड्या म्हणायचे त्यांना, मरेपर्यंत. माझी बायको मॉनिका पण हसते. पन्नास वर्षं ही आमच्या सुकटीच्या बरणीवर आहे, मांजराने झाकण पाडू नये म्हणून. तू सांग, खरी की खोटी?"

तो हे हसत हसत बोलला, पण डोळे चकतीवरून हलत नव्हते.

सुबोधरावांनी चष्मा चढवला, व्हर्निअर उघडला.

"इथे पाच पूर्णांक एक... इथे चार पूर्णांक सहा! बेनेडिक्ट, अर्ध्या मिलिमीटरचा फरक!"

"असेल ना. हातानेच केलं असेल."

"माझ्या चतुराला बघ, केसाचा फरक नाही! आणि हे भोक? कडेला ठोकून ठोकून चेपलंय. असलं काम तू केलं असतंस तरी मी परत पाठवलं असतं."

"केलं नव्हतं तरी परत पाठवायचास."

"आणि वास! हा मासळीचा वास! अस्सल लोखंडाला कसलाही वास येत नाही, लिहून ठेव!"

हा नियम त्यांनी तिथल्या तिथे बनवला होता, पण बोलताना आवाज असा की वाटावं, जपानच्या राजानेच काढलाय. मग त्यांनी पॅड ओढलं आणि रीतसर चिठ्ठी लिहिली. वस्तू: लोखंडी चकती. दोष: एक, जाडी असमान. दोन, भोकाच्या कडेला ठोकल्याच्या खुणा. तीन, मासळीचा वास. तपासनीस: सु. नेरूरकर. आणि धाडकन लाल शिक्का!

बेनेडिक्टने चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली.

"म्हणजे आजोबा थापाडे."

"मी वस्तूबद्दल बोलतोय रे."

"एकच झालं ते. दसऱ्याला येतो मी मुलुंडला. तुझ्या त्या बाईंनाच विचारतो."

"ये की! खोटा नमुना म्हणून दाखवायला बराच आहे!"

स्वयंपाकघरातून वहिनी हे ऐकत होत्या. "चहा तरी घ्या भावजी," म्हणत त्या बाहेर आल्या, पण बेनेडिक्ट चपला घालून निघालासुद्धा. तीस वर्षांत तो चहा न घेता कधी गेला नव्हता.

खंडेनवमी उजाडली. सुबोधराव केस कापायला गेले होते, बिल्ल्याला शोभावेत म्हणून. परत आले तर हॉलमध्ये पाटावर पूजा मांडलेली. विळी, कोयता, अडकित्ता, कात्री, पक्कड, त्यांचा व्हर्निअर, सगळं घासूनपुसून लखलखीत. प्रत्येकावर हळदकुंकू. आणि मधोमध एक नवी कोरी, चांदीसारखी चमकणारी गोल वस्तू, तिच्या भोकात झेंडूचं फूल!

"ही कसली गं नवीन ताटली?" सुबोधरावांनी विचारलं. मग त्यांना पंख दिसले.

"रुक्मिणीऽऽऽ!"

"ओरडू नका, दिवा विझेल."

"अगं, साडेतीनशे वर्षांचा गंज होता तो!"

"तेच म्हणते मी! साडेतीनशे वर्षांत एकाही बाईने हात फिरवू नये? चिंच झाली, राख झाली, शेवटी तुमचा पॉलिश पेपर घेतला तेव्हा कुठे निघाला. मनगट दुखतंय माझं!"

"पण तुला सांगितलं होतं हात लावू नकोस म्हणून!"

"येईल त्याला तलवारीचा भाग, तलवारीचा भाग म्हणून दाखवता. मग नवमीला घरातलं शस्त्र न घासता पूजेला ठेवू? माझ्या सासूबाईंनी काय म्हटलं असतं?"

सासूबाई म्हणजे सुबोधरावांच्याच मातोश्री! ते खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता भाषण, आणि हातात काय, तर ताटली! ग्रुपवर विचारायची सोय नव्हती, तिथे अब्रू गेली असती. शेवटी आठवलं, आपल्याच बिल्डिंगमधला एकजण सांगत होता, अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नितेश म्हणून पोरगा आहे, शूटिंगसाठी नव्या वस्तू जुन्या करून देतो. वाट लागली होती, पण वाट दिसली!

घाटकोपरला मेट्रोच्या मशीनमधून पिशवी गेली आणि सिक्युरिटीवाल्याने हात वर केला.

"अंकल, ये गोल गोल क्या है?"

एखाद्याने सांगितलं असतं, पूजेचं आहे, कुंकू दिसतंय बघ. पण सुबोधरावांना कुणीतरी विचारलं होतं ना! ते खुलले.

"ये जपानी तलवार का हिस्सा है! साडेतीन सौ साल पुराना!"

"तलवार? बाकी तलवार किधर है?"

पुढची पंचवीस मिनिटं बाकीची तलवार शोधण्यात गेली. पिशवी पालथी केली, छत्री उघडून बघितली, डबा उघडला. मोठे साहेब आले. त्यांनी ती लखलखीत चकती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "साडेतीन सौ साल? अंकल, ये तो कल का लगता है." सुबोधरावांचा आयुष्यात एवढा अपमान कुणी केला नव्हता. आणि दुर्दैव असं, की साहेबांची नजर चांगली होती.

अंधेरीला पोचले तर नितेशच्या गाळ्यातही पूजा चाललेली. पत्रा कापायच्या भल्यामोठ्या लेझर मशीनला झेंडूची माळ, पुढे नारळ. तिशीचा नितेश प्रसाद वाटत होता. त्याने एका हाताने पेढा दिला आणि दुसऱ्या हाताने चकती घेतली.

"अरे! हा तर आपला माल आहे काका!"

"आपला म्हणजे?"

"आपला म्हणजे माझा! दोन वर्षांपूर्वी एका शूटिंगला दोनशे पीस कापले होते. ह्याच मशीनवर! ते पिक्चर काही झालं नाही, मग एक माणूस आला आणि किलोवर घेऊन गेला. पण काका, फिनिशिंग बघा ना! कुठूनही मोजा, पाच म्हणजे पाच!"

सुबोधरावांच्या तोंडात पेढा होता. तो गिळताही येईना, थुंकताही येईना.

"पण... तो रंग? तो मुद्दाम आणता येत नाही!"

"कोण म्हणतं? आम्ही वेंगुर्ल्याचे! आमसुलाच्या पाण्यात मीठ टाकून दोन तास उकळायचं, मग आच मंद करून वर तेलाचा हात. आईची आयडिया. झकास रंग येतो, जुन्या आमसुलासारखा!"

आता मंडळी, इथे सुबोधरावांनी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय, मला कळतंय. नानांना फोन लावायचा, झाली चूक म्हणायचं, आणि बेनेडिक्टकडे जाऊन चहा प्यायचा. अर्ध्या मिलिमीटरसाठी ज्याने ट्रकच्या ट्रक परत पाठवले, त्याने एवढं तरी करायला हवं होतं ना? पण डोळ्यासमोर बिल्ला चमकत होता. सुबोधरावांनी पेढा गिळला आणि हळूच म्हणाले,

"परत तसाच करून दे. थोडा जास्तच जुना कर."

दसऱ्याला मुलुंडचा हॉल भरला होता. सुबोधराव प्रेस केलेल्या सफारीत, छातीवरची जागा मोकळी ठेवून उभे. पहिल्या रांगेत नाना आणि इरावतीबाई, साठीच्या, बारीक, शांत. दुसऱ्या रांगेत रुक्मिणीवहिनी, शेवटच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बेनेडिक्ट.

भाषण काय रंगलं म्हणता! रंगाबद्दल बोलले, कारागिराच्या हाताबद्दल बोलले. प्रमाणपत्राची फ्रेम उंच धरून दाखवली. शेवटी म्हणाले, "आणि सर्वांत महत्त्वाचं! अस्सल लोखंडाला कसलाही वास येत नाही!"

टाळ्या पडल्या. इरावतीबाई उठल्या.

"ती फ्रेम बघू का जरा?"

त्यांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं.

"नेरूरकर, हे कुणी दिलं तुम्हाला?"

"विक्रेत्याने! काय लिहिलंय? कारागिराचं नाव आहे का?"

"नाही. लिहिलंय की, भात शिजल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नये."

हॉलमध्ये क्षणभर कुणाला काही कळेना. मग नाना खोकले, आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कुकरच्या माहितीपत्रकाचं पान आहे हे," बाई म्हणाल्या. त्यांनी चकती उचलली, भिंगातून नक्षीच्या आतल्या कडा बघितल्या. "या बारीक उभ्या रेघा दिसतात? लेझरच्या आहेत." मग त्यांनी चकती नाकाशी नेली. "आणि हा वास कसला... आमसूल?"

"आमसूलच!" दुसऱ्या रांगेतून वहिनी मोठ्याने म्हणाल्या. "काल आल्यापासून घरभर येतोय! मला वाटलं यांच्या पिशवीत सोलकढी सांडली!"

मग मात्र हॉल जो हसला! तिकिटंवाले हसले, अडकित्तेवाले हसले. नानांनी खिशातून अर्धा बाहेर काढलेला बिल्ला पुन्हा आत सारला. सुबोधराव टेबलाला धरून उभे राहिले. एकतीस वर्षांत त्यांना कुणी तपासलं नव्हतं, आता सव्वाशे माणसं तपासत होती.

त्या हशात बेनेडिक्ट एकटा हसत नव्हता. तो पुढे आला आणि त्याने पिशवीतली चकती बाईंसमोर ठेवली.

"माझ्या आजोबांची आहे. जपानी म्हाताऱ्याने दिली म्हणायचे. खोटी असेल तर तसं सांगा. मला सवय आहे."

बाईंनी चकती उचलली आणि पुढची पाच मिनिटं तिच्यातच रमल्या. मऊ फडक्याने हळुवार पुसत राहिल्या. तेलकटपणाखालून हळूहळू दोन बगळे वर आले, एक मान वळवून दुसऱ्याकडे बघणारा.

"काही कागद आहे याच्याबरोबर?"

"एकच आहे," बेनेडिक्ट म्हणाला आणि खिशातून चिठ्ठी काढली.

सुबोधरावांना वाटलं, आता जमीन दुभंगावी. मुलुंडची असली तरी चालेल!

बाईंनी मोठ्याने वाचलं. "जाडी असमान. बरोबर, हातोडीने घडवलंय, असमानच असणार. भोकाच्या कडेला ठोकल्याच्या खुणा. अगदी बरोबर! पात्यावर घट्ट बसावा म्हणून तशा ठोकतात. इथे तर दोन प्रकारच्या खुणा आहेत, म्हणजे हा दोन तलवारींवर बसलाय. मासळीचा वास. तोही आहे. रोज घरातले तेलकट हात लागत राहिले म्हणून हा इतका छान टिकला." त्यांनी मान वर करून सुबोधरावांकडे मिश्किलपणे बघितलं. "हे सु. नेरूरकर कोण? नजर फार तीक्ष्ण आहे यांची. जे जे लिहिलंय ते तंतोतंत बरोबर आहे. फक्त शिक्का उलटा मारलाय."

"म्हणजे?" बेनेडिक्ट पुढे झुकला.

"म्हणजे अस्सल आहे. तीनशे वर्षांचा तरी असेल. आजोबा जपानी माणसाने दिला म्हणाले असतील, तर मी तरी विश्वास ठेवीन."

बेनेडिक्ट खुर्चीत बसला. त्याने रुमाल काढला, नाक पुसलं, आणि कुणाशी तरी भांडावं तसा म्हणाला, "थापाडे म्हणायचे त्यांना! अख्खा गाव!" रुक्मिणीवहिनी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

त्सुबा आठवडाभर प्रदर्शनात ठेवायचा ठरला. काचेच्या पेटीत बगळ्यांची चकती आणि शेजारी, बाईंच्या आग्रहावरून, ती चिठ्ठी. लाल शिक्क्यासकट! तपासनिसाचं नाव ठळक दिसेल अशी. लोक रांगेत येऊन वाचत होते. चला, सुबोधरावांचं नाव मंडळात एकदाचं लागलं! चिठ्ठी किंचित तिरकी लागली होती. ती त्यांनी गुपचूप सरळ केली, राहवेना हो!

मग ते बेनेडिक्टजवळ गेले.

"चुकलं रे माझं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आधी कधी वापरलेलं नसल्यामुळे ते जरा खरखरीत निघालं.

बेनेडिक्टने रुमाल खिशात ठेवला.

"आमची बरणी उघडी पडली आठवडाभर. मॉनिका ओरडेल. तुझा तो आमसुली पीस देतोस?"

सुबोधरावांनी मुकाट्याने चतुर पुढे केला. बेनेडिक्टने हात मागे घेतला.

"असा नाही. चिठ्ठीशिवाय माल घ्यायचा नाही, हे तूच शिकवलंस. लिही!"

पॅड, शिक्का आणि व्हर्निअर सफारीच्या खिशात होतेच. सुबोधरावांनी काचेच्या पेटीवरच कागद टेकवला आणि व्हर्निअर लावला. वरून पाच, खालून पाच, चारी बाजूंनी पाच. त्यांनी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग उसासा टाकून लिहिलं. वस्तू: लोखंडी चकती. दोष: एकही नाही. आणि शिक्का मारला, लाल.

बेनेडिक्टने वाचलं. "वास नाही लिहिलास?"

"आमसुलाचा आहे. जाईल तो."

"आणि मासळीचा?"

"बरणीवर ठेव," सुबोधराव म्हणाले. "येईल हळूहळू."